जिप्सीला रोल केज आणि लिफ्ट: आधी काय, आणि पाइप कोणता?

चिखलवाट

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप. पाटे (लीफ स्प्रिंग) मूळचेच आहेत, टायर २०५/७० आर१५. गाडी फक्त ऑफ-रोड स्पर्धांसाठी तयार करायची आहे. पुढेमागे गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ठिकाणी उतरायचा विचार आहे.

इथल्या फॅब्रिकेटरचं म्हणणं असं: दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) सी-क्लास, म्हणजे जाड भिंतीच्या, पाइपचा रोल केज (गाडी उलटली तर माणसांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) करायचा आणि त्याचे पाय थेट फ्लोअरच्या पत्र्याला वेल्ड करायचे. लिफ्टसाठी, म्हणजे गाडी उंच करायला, चार इंच जास्त लांबीची शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलत्या पट्ट्यांची जोडी) टाकायची, म्हणजे गाडी चार इंच उचलेल आणि ३१ इंची टायर बसतील. लिफ्ट दोन दिवसांत होते, म्हणून ती आधी उरकावी आणि केज नंतर सावकाश करावा, असं ठरतंय. यात कुठे चुकतंय का? पाइपचं माप आणि लिफ्टचा प्रकार नेमका सांगा.

पाना_चौदापंधरा

क्रम उलटा करा. आधी सीट, मग केज, मग विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आणि बंपर, आणि पाटे सगळ्यात शेवटी. पाट्याची कमान गाडीच्या शेवटच्या वजनावर ठरते. आज रिकाम्या गाडीवर पाटे बसवलेत आणि नंतर केज, विंच, स्टेपनीचा कॅरियर चढवला, की कमान बसते आणि मिळवलेल्या उंचीतला मोठा भाग परत जातो. मग जास्तीचा पाटा घालून गाडी कडक करावी लागते आणि चाकाची खालीवर हालचालच संपते.

आता पाइप. जीआय नको. सी-क्लासचा दीड इंची पाइप म्हणजे बाहेरून ४८.३ मिमी आणि जाडी ४ मिमी. वजन मीटरला साधारण ४.३७ किलो. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमांत मुख्य हूपला (सीटमागच्या उभ्या कमानीला) ४५ × २.५ मिमी किंवा ५० × २ मिमी, आणि बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी हे किमान माप आहे. साहित्य कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टील, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौ. मिमी. ४५ × २.५ ची नळी मीटरला २.६२ किलो भरते, ३८ × २.५ ची २.१९.

जिप्सीच्या मापाच्या केजला मुख्य हूपसाठी साधारण ३.६ मीटर आणि बाकी सगळं मिळून २० मीटरच्या आसपास नळी लागते. म्हणजे सीमलेसचा केज प्लेटा धरून ६० किलोच्या आतबाहेर. तेच काम सी-क्लासमध्ये नुसत्या नळीचंच १०० किलोच्या वर जातं. गाडी जेमतेम टनाची, आणि हे जास्तीचं वजन निम्म्याहून अधिक डोक्याच्या उंचीवर. शिवाय वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, त्याने थंडी-ताप येतो आणि वेल्डमध्ये छिद्रंही राहतात.

बाजारात सहा मीटरच्या लांबीत ‘सीडीएस’ किंवा ‘सीमलेस कोल्ड ड्रॉन’ म्हणून मागा आणि टेस्ट सर्टिफिकेट घ्या. ४५ ची एक लांबी, ३८ च्या चार. मुख्य हूप एका अखंड नळीतूनच वाकवायचा, मध्ये जोड चालत नाही.

पायांबद्दल: फ्लोअरचा पत्रा पातळ असतो. त्यावर नळी नुसती उभी करून वेल्ड केली, तर गाडी उलटताना नळी पत्रा फाडून खाली उतरते. केज शाबूत राहतो आणि छप्पर मात्र डोक्यावर येतं. नियमात मुख्य पायांखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौ. सेंमीची प्लेट आणि पायागणिक ८.८ ग्रेडचे किमान तीन एम८ बोल्ट आहेत. जिप्सीला मी ५ मिमीची १२ × १५ सेंमी प्लेट वर आणि तशीच खाली, मध्ये पत्रा, असं सँडविच सुचवेन. प्लेटचे कोपरे गोल करा, टोकदार कोपऱ्यापासून पत्र्याला चीर जाते.

आणखी एक. जिप्सीची बॉडी चासीवर रबरी माउंटांवर बसते. चार पाय बॉडीला आणि दोन थेट चासीला असं मिश्रण करू नका. चासी पिळली की बॉडी वेगळी हलते, केज दोघांमध्ये अडकतो आणि पायाजवळचे वेल्ड तडकतात. सगळे पाय बॉडीला घ्या आणि शक्य तितके बॉडी माउंटच्या वर आणा. चासीला घ्यायचेच असतील तर सगळे घ्या, प्रत्येकाला बुश देऊन.

पाटेवाला_सातारा

लिफ्टचं मी सांगतो. चार इंच लांब शॅकलने चार इंच लिफ्ट मिळत नाही, दोनच मिळते. पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि अ‍ॅक्सल मध्यावर असतो, म्हणून निम्मं. पुढचं नुकसान वेगळंच. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाटा नाक खाली करतो, अ‍ॅक्सल पुढे फिरतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) घटतो. मूळ कॅस्टर साडेतीन अंशांच्या आसपास आहे. तो दीडवर आला की स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ होत नाही आणि खडबडीत रस्त्यावर चाकं थरथरतात. लांब शॅकल आडवीही डोलते. मूळपेक्षा २ इंचापेक्षा जास्त लांब नको, आणि दोन पट्ट्यांमध्ये आडवा जोड हवाच.

मागे ब्लॉक (पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामधला ठोकळा) टाकायचा सल्ला कुणी दिला तर थांबवा. जिप्सीत अ‍ॅक्सल पाट्याच्या वर बसतो. मध्ये ब्लॉक घातला तर गाडी उचलण्याऐवजी खाली बसेल.

तुमच्या कामाला वाढीव कमानीचे पाटे, ५० मिमी, आणि २३५/७५ आर१५ टायर पुरे आहेत. हिशेब बघा. मूळ टायरचा व्यास ६६८ मिमी, २३५/७५ चा ७३३. डिफरन्शियलखालची (अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याखालची) जागा फक्त टायरच्या वाढीच्या निम्मी वाढते, म्हणजे ३२-३३ मिमी. पाटे कितीही उचला, डिफरन्शियलचा गोळा तिथेच राहतो. लिफ्टने टायरला जागा मिळते आणि चासीचं पोट सुटतं, इतकंच.

३१ इंची टायर ७८७ मिमीचे. त्यांच्यासाठी पाटे अ‍ॅक्सलच्या वर घ्यावे लागतात, ज्याला सगळे एसपीओए (स्प्रिंग ओव्हर अ‍ॅक्सल) म्हणतात. त्यात गाडी साधारण पाच इंच वर जाते, आणि गिअरिंग मूळपेक्षा जवळजवळ १८ टक्के उंच होतं. म्हणजे चिखलात पहिल्या लो गिअरमध्येसुद्धा इंजिन दम खातं, क्लच जळतो.

उलटण्याचं गणितही करा. डाव्या-उजव्या चाकांमधलं आडवं अंतर १३०० मिमी धरा, निम्मं ६५०. वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून ६५० मिमीवर आहे असं समजा, तर गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. तोच बिंदू १२५ मिमी वर गेला की ४० अंशांवर. टायर आणि पाटे दबतात, म्हणून प्रत्यक्षात याच्याही आधीच.

चिखलवाट

मनापासून आभार. ३१ चा हट्ट सोडतो. दोन शंका आहेत. फॅब्रिकेटरकडे हायड्रॉलिक पाइप बेंडर आहे, साध्या प्लंबिंगच्या डायवाला. त्यावर नळी वाकेल का? आणि ५० मिमीच्या लिफ्टलाही प्रोपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलला ताकद पोचवणारा दांडा), ब्रेकच्या नळ्या बदलाव्या लागतात का?

सांधा_सीओटू

त्या बेंडरवर नको. तो नळीला मधून ढकलतो, बेंडच्या पोटाशी नळी चपटी होते आणि सुरकुती पडते. रोटरी ड्रॉ बेंडर हवा, नेमक्या ४५ आणि ३८ च्या डायचा. नळीच्या मध्यरेषेवर बेंडची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे ४५ ला १३५ मिमी. बेंड झाल्यावर व्हर्नियर लावा. लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९ च्या खाली आला तर तुकडा बाद. ४२ आणि ४७ भरले की ०.८९, तो केजमध्ये जाता कामा नये. वाळू भरून गॅसने तापवून वाकवणं तर अजिबात नको.

सांध्याला होल सॉने माशाच्या तोंडासारखी खाच घ्या आणि दोन नळ्यांमधली फट १ मिमीच्या आत ठेवा. फट वेल्डने भरून काढायची सवय असलेल्या माणसाला हे काम देऊ नका. वरून रेघ छान दिसते, पण आत पकड नसते. सीओटू मशीनवर ०.८ किंवा १ मिमीची ईआर७०एस-६ वायर वापरा. आधी त्याच नळीच्या दोन तुकड्यांचा टी-सांधा वेल्ड करून कापून बघा. मुळापर्यंत धातू गेलेला दिसला तरच पुढे जा.

संपूर्ण केज आधी टॅकवर (छोट्या तात्पुरत्या वेल्डवर) उभा करा, मग एक सांधा डावीकडे, एक उजवीकडे असं वेल्ड करा, नाहीतर हूप एका बाजूला ओढला जातो. प्रत्येक सांधा चहूबाजूंनी पूर्ण हवा. जिप्सीत छप्पर आणि त्याच्या कमानी काढता येत असल्याने वरचे सांधे मोकळेपणाने मिळतात, हा मोठा फायदा आहे. वेल्ड ग्राइंडरने गुळगुळीत करू नका. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सुटल्या पाहिजेत, पेट्रोलची टाकी उतरलेली असली पाहिजे.

मुख्य हूपमध्ये एक तिरका बार हवाच. तो नसेल तर हूप समांतरभुज चौकोनासारखा कलतो. मागचे टेके उभ्या रेषेपासून किमान ३० अंश मागे जाऊ द्या.

आणि सीट आधी का, तर ड्रायव्हरला हेल्मेट घालून, बेल्ट आवळून बसवायचं आणि मगच छताच्या नळीची उंची ठरवायची. हेल्मेट आणि नळी यांत चार बोटं तरी अंतर सोडा. डोक्याजवळच्या नळ्यांना एफआयए ८८५७-२००१ टाइप ए चं पॅडिंग लावा, एसीच्या पाइपचा काळा फोम नाही, तो बोटानेही दबतो. खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून १० अंशांपेक्षा जास्त खाली उतरू देऊ नका. खूप खाली बांधले तर धक्क्यात मणक्यावर दाब येतो.

पाटेवाला_सातारा

दुसऱ्या शंकेचं: ५० मिमीला मोजूनच ठरवा. चासीखाली जॅक लावून चाकं पूर्ण लटकू द्या. त्या स्थितीत ब्रेकची रबरी नळी ताणलेली दिसली तर लांब नळी घाला. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवूनही बघा. प्रोपेलर शाफ्टची स्प्लाइन (आतबाहेर सरकणारा खाचांचा सांधा) बाहेर किती येते ते मोजा. आत निदान स्प्लाइनच्या व्यासाइतकी पकड राहिली पाहिजे. कमी असेल तर फ्लँजमध्ये मोजलेल्या जाडीचा स्पेसर. शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाट्याआधी ताणून संपत असेल तर तोही लांब घ्यावा लागेल, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात त्याचं बुश उपटतं.

कॅस्टर गेला असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलखाली दोन अंशांची लोखंडी पाचर घाला. अ‍ॅल्युमिनियमची चिरडते. पण पाचरीने कॅस्टर परत आणला की पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि शाफ्टचा कोन वाढतो, म्हणून दोनच्या वर जाऊ नका.

यू-बोल्ट नवेच. एकदा ताणलेले पुन्हा वापरायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी असताना शॅकलचे बोल्ट आवळा, हवेत लटकत असताना आवळले तर रबर बुश पिळलेलं राहतं. १०० किमीनंतर यू-बोल्ट परत तपासा. मागच्या अ‍ॅक्सलला एलएसपीव्ही (भारानुसार मागचा ब्रेक कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याचा दांडा वाढीव उंचीला जुळवा, नाहीतर त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो.

पाना_चौदापंधरा

कागदाचं राहिलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आणि सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०१९ च्या निकालानंतर असे बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत. कलम १८२ए(४) खाली मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ही गाडी ट्रेलरवरूनच न्या. रोज चालवायच्या गाडीत केज तसाही नको, हेल्मेट नसेल तर साध्या टकरीतही डोकं नळीवर आपटतं.

नळी विकत घेण्याआधी स्पर्धेची नियमावली मागवून त्यातलं केजचं पान फॅब्रिकेटरच्या हातात द्या. स्क्रूटिनीला (स्पर्धेआधीच्या गाडीतपासणीला) मुख्य हूपच्या सरळ भागात एखादं छोटं भोक पाडून जाडी बघायला सांगू शकतात. त्यासाठी जागा मोकळी ठेवा, तिथे पॅडिंग चिकटवू नका.