पावसातल्या रेसिंगचे तुमचे अनुभव सांगा

मंडळी, रेसिंग गेममध्ये पाऊस सुरू झाला की बरेच जण रेस सोडून जातात, मला मात्र तेव्हाच खरी मजा येते. अजून खूप शिकायचंय म्हणून हा धागा. कुठला गेम, कंट्रोलर की स्टीअरिंग व्हील, आणि नेमकं काय केल्यावर गाडी हातात राहायला लागली ते लिहा.

सुरुवात मीच करतो. ग्रॅन टुरिस्मो ७, कंट्रोलर. वळणातून बाहेर पडताना गाडी गरकन फिरायची आणि मी टायरला दोष द्यायचो. मग एकदा रिप्ले नीट बघितला तर थ्रॉटलची (ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते दाखवणारी) पट्टी दर वेळी शून्यावरून थेट टोकाला! तेव्हापासून दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडतो, चाकांवर एकदम जोर येत नाही, आणि ट्रिगर अर्ध्यावर धरून स्टीअरिंग जसं सरळ होईल तसा दाबत जातो. बस्स, एवढ्यानेच निम्मं काम झालं.

*

मी आयरेसिंग या ऑनलाइन रेसिंग गेमवाला. त्या गेममध्ये २०२४ च्या मार्चमध्ये पाऊस आला आणि पहिले दोन आठवडे मी नुसता भिंतीत. कारण सवयीने कोरड्या ट्रॅकवरचीच लाईन (वळण घेण्याचा ठरलेला मार्ग) धरायचो. त्या लाईनवर टायरचं रबर बसून रस्ता गुळगुळीत झालेला असतो, कोरड्यात त्याचीच ग्रिप मिळते पण पाणी पडलं की तिथेच सगळ्यात जास्त घसरतं. आता ब्रेक लवकर आणि गाडी सरळ असतानाच मारतो, आतल्या टोकाला चिकटत नाही, वळणाच्या बाहेरच्या अंगाने खरबरीत डांबर शोधत जातो. अंतर जास्त पडतं, वाटतं वेळ गेला, पण टायमिंग बघा. कर्ब (वळणाच्या कडेचे रंगवलेले उंचवटे) आणि ट्रॅकच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यांना मात्र चाकसुद्धा लावू नका.

*

+१ पांढऱ्या पट्टीला. शेवटच्या लॅपला तिसरा होतो, पट्टीवर ब्रेक लागला आणि अकरावा आलो. अजून आठवलं की जीव हळहळतो.

*

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, स्टीअरिंग व्हीलवर. दोन गोष्टी सांगते. पहिली टायर प्रेशर. पावसाळी टायर गरम झाल्यावर ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास लागतात, मी कोरड्याचंच २६-२७ ठेवून कितीतरी रेस घालवल्या आणि गाडी वळत का नाही म्हणून सेटअपमध्ये बाकी सगळं बदलत बसले. दुसरी, साचलेलं पाणी. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर केमेलच्या सरळ रस्त्यावर स्टीअरिंग अचानक हलकं झालं, हातात काहीच नाही असं, म्हणजे टायर पाण्यावर तरंगायला लागले. पहिल्यांदा घाबरून ब्रेक दाबला आणि गेले. आता तसं झालं की पाय हळूच थोडा उचलते, हात सरळ आणि स्थिर ठेवते, क्षणभरात वजन परत हाताला जाणवतं, मगच पुढचं बघायचं.

*

एफ१ चे गेम खेळतो. खऱ्या एफ१ मध्ये फुल वेट (जोरदार पावसाचा) टायर ताशी ३०० किमीच्या वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी उडवतो असं टायर बनवणारी पिरेली सांगते, इंटर (इंटरमीजिएट, हलक्या ओलीचा) ३० लिटर. मागच्याच्या तोंडावर किती येत असेल बघा! गेममध्येही तसंच, पुढे काही दिसत नाही, म्हणून मी पुढच्याच्या मागे असताना गाडी अर्धी बाजूला काढून चालवतो, पुढच्याने अचानक ब्रेक मारला तरी जागा असते. आणि ट्रॅक वाळायला लागला की इंटर तापून संपतात, तेव्हा सरळ रस्त्यावर मुद्दाम ओल्या भागातून जायचं, टायर गार राहतात.

*

वरच्या आयरेसिंगवाल्या दादांचं वाचून काल रात्री बाहेरची लाईन धरून बघितली. पहिल्या पाच लॅप काहीच जमेना, सारखी घसरत होती. सहाव्या लॅपला लांब वळणावर आतून जाणारे दोघं घसरत रुंद गेले आणि मी त्यांच्या बाहेरून, तिसऱ्या गिअरमध्ये, पाव थ्रॉटलवर शांतपणे पुढे. रिप्ले चार वेळा बघितला.