अपघाताविना दिवसांचा फलक आणि शिफ्ट बदलण्याची वेळ
कारखान्यात 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक लावावा आणि त्यावरचा आकडा वाढला की कामगारांना बक्षीस द्यावं, अशी एक सूचना आहे; मला ती धोक्याची वाटते. बक्षीस बुडू नये म्हणून माणूस कापलेलं बोट रुमालात गुंडाळून घरी जातो आणि आकडा वाढत राहतो. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २००५ साली स्फोट होऊन १५ जण गेले. किरकोळ दुखापतींचे कमी आकडे बघून मोठा धोका ओळखता येत नाही, हे तिथल्या चौकशीत स्पष्ट झालं.

मला जास्त काळजी वाटते ती शिफ्ट बदलण्याच्या वेळेची. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर १९८८ मध्ये एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. रात्रपाळीला ते कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला, आणि वायू गळून स्फोट झाला. १६७ माणसं गेली! काम सोपवताना दोघांनी यंत्रापाशी उभं राहून बोललंच पाहिजे, आणि तो वेळ पगारी हवा.

आणि थोडक्यात टळलेला अपघात कुणी कळवला, तर सुपरवायझरने आधी 'चूक कुणाची?' विचारू नये. काय दुरुस्त केलं, हे त्या माणसाला त्याच आठवड्यात सांगावं.