शोनबर्ग ऐकायचाय, कुठून सुरुवात करू?

कानसेन_नवा: नमस्कार मंडळी. आयुष्यभर ख्याल ऐकला. मुलीच्या पियानोच्या सरांनी आर्नोल्ड शोनबर्ग या ऑस्ट्रियन संगीतकाराचं नाव काढलं म्हणून त्याचा 'ऑपस 25' (रचना क्रमांक 25) पियानो सुईट, म्हणजे छोट्या तुकड्यांची माळ, लावला. दोन मिनिटांत बंद! कोणीतरी पेटी दुरुस्त करतंय असंच वाटलं. काय ऐकू, कुठल्या क्रमाने?

पेटीवाली: तुम्ही एकदम खोल पाण्यातच उडी मारलीत की! आधी 1899 चं 'फेरक्लेर्टे नाख्ट' ऐका. सहाच तंतुवाद्यं, अर्धा तास, सगळं सुरेल. मग 1912 चं 'पिएरो लुनेर'. त्यातली बाई धड गातही नाही, धड बोलतही नाही. मला ते भयंकर आवडतं, घरच्यांना अजिबात नाही.

सुईटसाठी मात्र पेटी काढा. पांढरी एकचा सा धरून वाजवा: ग, म, प, कोमल रे, तीव्र म, कोमल ग, कोमल ध, शुद्ध रे, शुद्ध नी, सा, शुद्ध ध, कोमल नी. बाराही स्वर, प्रत्येक एकदाच. त्या सुईटचा सगळा डोलारा या ओळीवर उभा आहे. शेवटचे चार उलटे वाजवलेत तर जर्मन स्वरनावांत B-A-C-H, म्हणजे जुना संगीतकार 'बाख' याचं नाव होतं.

रविवार_सकाळ: म्हणजे रागच की, ठरलेले स्वर!

पेटीवाली: नाही हो. रागात वादी म्हणजे मुख्य स्वर असतो, न्यास म्हणजे थांबायची जागा असते, सगळं षड्जाकडे बघत असतं. इथे कुणालाच मान द्यायचा नाही. सा दहावा येतो, तोही रांगेतला एक म्हणून.

जुना_सभासद: शोनबर्ग स्वतः बराचसा आपला आपणच शिकलेला, थोडे धडे झेमलिन्स्की या संगीतकाराकडे. पण गुरू म्हणून काय! बर्ग आणि वेबर्न हे नावाजलेले संगीतकार त्याचेच शिष्य. 1911 च्या 'हार्मोनीलेरे' या त्याच्या हार्मनीवरच्या (स्वरमेळावरच्या) पुस्तकाची सुरुवातच 'हे पुस्तक मी माझ्या विद्यार्थ्यांकडून शिकलो' अशी आहे. 1933 मध्ये नाझींमुळे बर्लिनची नोकरी गेली, पण पुढे लॉस एंजेलिसलाही सत्तरीपर्यंत शिकवलंच.

1918 मध्ये व्हिएन्नात त्याने नव्या संगीताच्या खासगी मैफलींचं एक मंडळ काढलं. टाळ्या बंद, समीक्षकांना दारातच मज्जाव, आणि अवघड रचना पुन्हापुन्हा वाजवायच्या. तुम्हीही तसंच करा, एकच तुकडा तीनदा ऐका.

कानसेन_नवा: पेटी काढली. दहाव्या पट्टीवर हात आपोआप थांबला. आतून बायको म्हणाली, "झालं का?" म्हटलं, अजून दोन आहेत.