मानसिक आजारातून बरं होताना कोण, काय उपयोगी पडलं? – अनुभव धागा

परवा मैत्रिणीच्या मुलीला डिस्चार्ज मिळाला. मैत्रीण मला विचारत होती, "आता घरी आणल्यावर काय करायचं असतं गं?" गोळ्या कशा द्यायच्या ते डॉक्टर सांगतात. त्यानंतरच्या रिकाम्या दुपारचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः किंवा घरच्या माणसासोबत हे दिवस काढलेत, त्यांनी लिहा. 'सकारात्मक राहा' नको. कोण आलं, काय बोललं, ते लिहा. सुरुवात मी करते.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाणारा आजार. २००९ साली निदान झालं. लिथियम, म्हणजे हे चढउतार आवरणारं औषध, सुरू झालं, सहा-सात महिन्यांत घडी बसली. मग घरात कुणीतरी म्हणालंच, "बरी झालीस की आता, कशाला त्या गोळ्या?" मलाही तेच ऐकायचं होतं. बंद केल्या. चौथ्या महिन्यात एका रात्री ३ वाजता मी कपाटं रिकामी करून साड्या, भांडी सगळं अंगणात मांडून बसले होते. वाटून टाकायला. दुसऱ्यांदा सावरायला जास्त दिवस लागले, आणि लाज फार वाटली.

तेव्हापासून माझी मोठी जाऊ रात्री जेवणं झाली की ओट्यावर दोन वाट्या ठेवते. एकीत तिची बीपीची गोळी, दुसरीत माझ्या. बोलत काहीच नाही. एकाच तांब्यातलं पाणी घेऊन दोघी गोळ्या घेतो. त्या वाट्यांमुळे माझा आजार तिच्या बीपीच्या शेजारी जाऊन बसला. याहून मोठा आधार मला कुणी दिलेला नाही.

लिथियम घेणाऱ्यांनो, रक्तातली पातळी, थायरॉइड आणि किडनी, या तपासण्या चुकवू नका. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं किंवा जुलाब झाले की पातळी चढते. मला एका मे महिन्यात हाताच्या थरथरीने कप धरता येईना, तेव्हा हे कळलं.

एक बाबा, पुणे

मुलगा ३४ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया. म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, भलते संशय येतात. बारावीनंतर खोलीतून बाहेर यायचा बंद झाला. पहिली दोन वर्षं आम्ही देवऋषी, उपास, जागा बदलणं यात घालवली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग कुणीतरी 'सा'चा पत्ता दिला, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीचा हाच आजार त्यांनी घरात पाहिला होता, त्यातून त्यांनी ही संस्था उभी केली. आधारगटाच्या पहिल्या सभेला मी दाराजवळची खुर्ची धरली, उठून जाता यावं म्हणून. एक बाई सांगत होत्या, "माझा मुलगा टीव्हीची वायर कापतो, आतली माणसं त्याच्याबद्दल बोलतात म्हणून." खोलीतल्या साताठ माना हलल्या. कुणी हळहळलं नाही, कुणी दचकलंही नाही. मी शेवटपर्यंत बसलो.

तिथे 'रुग्ण' म्हणत नाहीत, 'शुभार्थी' म्हणतात. सांभाळणारा तो 'शुभंकर'. आधी मला हे शब्द जड वाटले. पण घरी येऊन बायकोला म्हणालो, "आपण शुभंकर आहोत," तेव्हा ती कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट बघून हसली. शिकलो ती गोष्ट एकच: आवाज खरे की खोटे, यावर वाद घालायचा नाही. "तुला भीती वाटतेय का?" एवढंच विचारायचं. वाटत असेल तर शेजारी बसायचं.

आता तो सकाळी एका रोपवाटिकेत जातो, पिशव्यांत माती भरतो. गेल्या महिन्यात स्वतः वाढवलेलं कढीपत्त्याचं रोप घेऊन आला. नखांतली माती तशीच होती.

लातूरकडची एक आई

दुसऱ्या बाळंतपणानंतर बाळ रडलं तरी मला काही वाटायचं नाही. सासूबाईंनी नजर काढली, त्यांनाही दुसरं काय सुचणार? आशाताई बाळाचं वजन करायला आल्या आणि म्हणाल्या, "बाळाचं ऱ्हाऊ दे, तू झोपलीस का रात्री?" त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. त्यांनीच त्यांच्या मोबाईलवरून १४४१६ लावून दिला. टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलतात. पुढं सरकारी दवाखान्यात अंगावर पाजताना चालणारी गोळी मिळाली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक पडला. घाई करू नका बायांनो, गोळीला तेवढे दिवस लागतातच.

नागपूर, नोकरीत

ओसीडी, म्हणजे नको ते विचार येत राहतात आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. दिवसातून ४०-५० वेळा हात धुवायचो, कातडी फाटली होती. लोक प्रेरणादायी भाषणांचे व्हिडिओ पाठवायचे, त्यांनी अपराधी वाटायचं फक्त. उपयोगी पडला माझा रूममेट. थेरपिस्टने सांगितलं होतं, दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढेल, मग आपोआप उतरेल. तो पठ्ठ्या मोबाईलवर वेळ लावून माझ्यासमोर बसायचा. आधी ५ मिनिटं, मग २०. "काही होत नाही" असं एकदाही म्हणाला नाही, कारण थेरपिस्टने दिलासा द्यायला मनाई केली होती. नुसता बसायचा. आता त्याची बदली झाली आहे. मी कडीला हात लावून तसाच डबा खातो.

धागाकर्ती: दिलासा न देणं किती कठीण असतं, ते घरच्यांना विचारा. तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

नवीन सदस्य, सातारा

सगळं वाचलं. माझा धाकटा भाऊ उद्या घरी येतोय, दीड महिन्यानंतर. छोटाच प्रश्न आहे. आधी सकाळचा चहा तोच करायचा. आता त्याला सांगू, की मीच करू?

एक बाबा, पुणे: त्यालाच करू द्या. फक्त सहाला उठवू नका, गोळ्यांची झोप असते. दहा वाजता केला तरी चालेल. पहिल्या दिवशी तुम्ही नुसतं आलं किसून द्या.