दम्याच्या रुग्णांची मासिक बैठक (सिडको, नाशिक): एका तासात काय शिकवावं?

सिडकोकर
मंडळाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा दमा असलेल्यांची बैठक सुरू करतोय. पंचवीसेक जण येतील: सातपूर-अंबडचे कामगार, काही आज्या, शाळकरी मुलांच्या आया. छातीचे डॉक्टर अर्धा तास देणार आहेत. उरलेल्या तासात काय घ्यावं? पत्रकं वाटायची नाहीत, ती रद्दीत जातात.

पंप_आणि_स्पेसर
भाषण नकोच. निरोपातच सांगा, आपापला पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) घेऊन या. "रोज घेता तसा घेऊन दाखवा" म्हणा आणि नुसतं बघा. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडेल. सरावाला औषध नसलेला डेमो पंप डॉक्टरांकडून घ्या, स्पेसर मात्र ज्याचा त्याचा.

पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून पंप एकदाच दाबायचा, सावकाश खोल श्वास घ्यायचा, 10 आकडे रोखायचा. दुसरा पफ 30 सेकंदांनी, पुन्हा हलवून. दोन पफ एकदम मारले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं. कॅप्सूलच्या यंत्राचं नेमकं उलटं: श्वास जोरात ओढायचा, कारण पावडर उडते ती श्वासानेच. त्यात फुंकायचं नाही, ओल लागली की गुठळ्या होतात.

स्पेसर कोमट साबणपाण्यात धुवून तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध ओढून धरते. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी होते, आवाज बसतो.

आणि एक प्रश्न प्रत्येकाला विचाराच: तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यात किती वेळा लागतो? दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, त्यांना आधी डॉक्टरांपुढे बसवा. "सवय लागेल" म्हणून रोजचा पंप सोडलेले बहुतेक यांच्यातच निघतात.

द्राक्षपट्टा
निफाड-दिंडोरीकडचे कोणी आले तर कामाचं स्वरूप विचारा. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी होते, आणि पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेटीत घालतात त्या कागदातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. दम्याच्या माणसाची श्वासनलिका त्याने चटकन आवळते. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. अशा माणसाला कागद घालण्याच्या जागेवरून हलवावं, मुकादमाशी बोलावं लागलं तरी बोलावं.

सिडकोकर
आभार. बैठकीतच कोणाला धाप लागली तर?

पंप_आणि_स्पेसर
आडवं झोपवू नका, ताठ बसवा. आरामाच्या पंपाचे 4 पफ, एकेक करून, प्रत्येक पफला स्पेसरमधून 4 श्वास. 4 मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा 4, तरीही नसेल तर 108. वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळे दिसत असतील तर वाट न बघता लगेच 108, आणि गाडी येईपर्यंत दर 4 मिनिटांनी 4 पफ चालू ठेवा.

हॉल आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. त्या दिवशी झाडू, उदबत्ती, धूप काही नको.

द्राक्षपट्टा
दोन आठवड्यांवर खोकला असलेल्याला दमाच समजून घेऊ नका. थुंकीची टीबी तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, तिकडे आधी पाठवा.