सोनूचं पोट सारखं दुखतंय, डॉक्टरकडे कधी न्यायचं?

प्रेषक: सोनूची आई (सध्या टिळकवाडी, बेळगाव)
प्रति: मंडळातील सर्व

मंडळींनो, नमस्कार.

सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी आणि सोनू जूनपासून बेळगावात आहोत. सोनूचे बाबा मस्कतलाच आहेत. सोनूला इथे तिसरीत घातलंय. पाऊस, नवे मित्र, आजीच्या हातची जोंधळ्याची भाकरी, सगळं छान चाललं होतं. पण गेले दोन-अडीच महिने त्याचं पोट दुखतंय. आठवड्यातून दोनदा-तीनदा, बहुतेक वेळा सकाळी रिक्षा यायच्या आधी, कधी संध्याकाळीही. कुठे दुखतंय विचारलं की बेंबीवर तळवा ठेवतो. वीस मिनिटं, अर्धा तास गुडघे पोटाशी घेऊन पडतो आणि मग उठून खेळायला जातो.

सासूबाई म्हणतात, बेंबी सरकलीय. शेजारच्या अज्जी येऊन तेल लावून पोट चोळून गेल्या. मेडिकलमधून मुरड्याचं औषध आणलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मागच्या आठवड्यात मी घाबरून परस्पर सोनोग्राफी करून आणली. रिपोर्टमध्ये 'मेसेंटेरिक लिम्फ नोड्स' असं लिहिलंय. म्हणजे गाठी! ओळखीतल्या एकाने 'टीबी तर नसेल?' म्हटलं आणि माझी झोपच उडाली. ह्यांचं म्हणणं, शाळा नको म्हणून नाटक करतोय. पण दुखतं तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर घाम येतो हो. आठ वर्षांचं पोर घामाचं नाटक कसं करेल?

कुणाला दाखवू? कधी? की थांबू?

– सोनूची आई


प्रेषक: निपाणीकर

वहिनी, थांबू नका, उद्याच दाखवा. आमच्या पुतणीची गोष्ट सांगतो. निपाणीला संध्याकाळी तिचं बेंबीपाशी दुखायला लागलं. बोरं खाल्ली होती म्हणून घरच्यांनी रात्री एरंडेल पाजलं. सकाळी दुखणं उजव्या बाजूला खाली सरकलं. दुपारी गाडीत बसवताना तिला पाय उचलून पायरी चढता येईना, कमरेत वाकूनच चालत होती. कोल्हापूरला पोचेपर्यंत अपेंडिक्स फुटलं होतं. अकरा दिवस दवाखान्यात काढले. ती आज बरी आहे, पण तो एरंडेलाचा चमचा माझ्या वहिनीच्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. पोटदुखीला घरात जुलाब देऊ नका, एवढं तरी सगळ्यांनी ऐका.


प्रेषक: डॉक्टरकाकू (मूळ खानापूर, सध्या मस्कत)

अगं, आधी शांत हो आणि तो रिपोर्ट कपाटात ठेव. निपाणीकर भाऊजींनी लिहिलंय ते सोळा आणे खरं आहे. पण अपेंडिक्सचं दुखणं आणि सोनूचं दुखणं, या दोघांची चाल वेगळी आहे. अपेंडिक्स तासातासाने वाढत जातं. सोनूचं दुखणं येतं, जातं, आणि गेल्यावर पोरगं खेळायला पळतं. दाखवायचं दोन्हीलाही, पण एकासाठी रात्रीच निघायचं आणि दुसऱ्यासाठी या आठवड्यात वेळ घेऊन शांतपणे जायचं.

गाठींचं आधी सांगते, कारण झोप त्यांनीच घालवलीय. आतड्यांच्या पडद्यात लसिकाग्रंथी प्रत्येकालाच असतात. मुलांमध्ये त्या मोठ्यांपेक्षा ठळक असतात आणि साधा सर्दी-ताप येऊन गेला तरी फुगतात. ज्यांचं पोट कधीच दुखत नाही अशा मुलांची सोनोग्राफी केली तरी त्या दिसतात. टीबीचा विचार करायचा तो ताप रेंगाळत असेल, वजन उतरत असेल, भूक मेली असेल, घरात कुणाला टीबी असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर. नुसत्या रिपोर्टातल्या तीन शब्दांवरून टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या नसतात. कुणी तसं सुचवलं तर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाचं मत घे.

आता दुखण्याचं. ब्रिस्टलच्या अ‍ॅप्ली नावाच्या बालरोगतज्ज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर १९५८ साली हजार शाळकरी मुलांची पाहणी छापली. तीन महिन्यांत तीनदा तरी, हातातलं काम सोडावं लागेल इतकं पोट दुखणारी मुलं त्यात साधारण दहात एक निघाली. म्हणजे सोनूच्या वर्गात अशी आणखी दोन-चार पोरं असतील. यातल्या बहुतेकांच्या पोटात चिरफाड करण्यासारखं काही नसतं. आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, त्यामुळे दुसऱ्याला जाणवणारही नाही अशा वाताचीसुद्धा यांना कळ येते. काळजी, नवी शाळा, बाबा लांब, यांनी ती कळ वाढते. पण कळ खरी असते. सोनूच्या बाबांना माझा निरोप दे: नाटक हा शब्द त्याच्यासमोर पुन्हा काढू नका. एकदा मुलाला कळलं की आपल्यावर विश्वास नाही, की खरंच मोठं काही झालं तरी ते सांगत नाही. मी हे दवाखान्यात पाहिलंय आणि ते पाहवत नाही.

अ‍ॅप्लींचाच एक ठोकताळा आम्ही अजून वापरतो. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी आत काही असण्याची शक्यता जास्त. सोनू बेंबीवर हात ठेवतो, ते त्यातल्या त्यात बरं.

मला तुझ्याकडून काही गोष्टी हव्या आहेत. रात्री गाढ झोपेतून दुखण्याने उठतो का? दुखतंय म्हणून रडत झोपणं वेगळं, दुखण्याने जाग येणं वेगळं. वजन किती, आणि मस्कतला शेवटचं केलं तेव्हा किती होतं? चड्डीचा नाडा जास्त आवळावा लागतोय का, ते आईच्या हाताला काट्याआधी कळतं. शी मध्ये रक्त, रात्री उठून जुलाब, सारखी तोंड येणं, सांधे सुजणं, गिळताना अडकणं, लघवीला जळजळ, डोळे पिवळे, सारखा येणारा बारीक ताप, घराण्यात कुणाला आतड्याचा जुना आजार? यातलं एकही असेल तर वेळ घेण्यासाठी थांबूसुद्धा नकोस, उद्या जा. आणि शाळेत १० ऑगस्टला जंताची गोळी मिळाली का तेही विचार. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या दोन दिवशी ती देतात, त्याच्या वयाला ४०० मिलिग्रॅम, चावून खायची.

शेवटचं, आणि माझा सगळा रोख इथेच आहे. शी रोज होते का असं विचारू नकोस, 'हो' म्हणेल. आठवडाभर स्वतः बघ. कशी होते, खडे पडतात का, किती वेळ बसतो. एका वहीत लिही.

– काकू


प्रेषक: सोनूची आई

काकू, आठ दिवस झाले. वही समोर ठेवून लिहितेय.

रात्री जाग येत नाही. ताप नाही, रक्त नाही, बाकी काहीच नाही. वजन मस्कतला एप्रिलमध्ये २३ किलो होतं, आता साडेतेवीस. जंताची गोळी शाळेत मिळाली होती.

पण शी रोज होते असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं ना, ते खोटं ठरलं असतं. आठ दिवसांत तीनदा झाली, तीही शेळीच्या लेंड्यांसारखी. चड्डीला डाग लागतात, ते नीट धुतलं नाही म्हणून असतील असं समजून मी त्याला रागावत होते. मंगळवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पडद्यामागे दिसला. टाचा उचललेल्या, पायाची अढी घातलेली, दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरलेले, तोंड लालबुंद. पूर्वीही तसा पाहिला होता मी त्याला. मला वाटायचं, कुंथतोय. काकू, तो कुंथत नव्हता, धरून ठेवत होता.

जवळ घेऊन विचारलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, शाळेच्या संडासाला आतून कडी नाही. पोरं दार ढकलतात. शिवाय तो संडास उकिडवं बसायचा, सोनूला सवय कमोडची, एकदा चप्पल घसरली होती. म्हणून शाळेत जायचंच नाही, आणि जायला लागू नये म्हणून पाणीही प्यायचं नाही. त्याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येत होती. जूनपासून मी ती रोज ओतून धूत होते आणि एकदाही मनात आलं नाही.


प्रेषक: डॉक्टरकाकू

अगं, रडू नकोस, रागावलीस तेवढं त्याला एकदा सांग की आईचं चुकलं. चड्डीचे डाग म्हणजे आळस नव्हे. गुदाशयात घट्ट मळ साचला की तो ताणला जातो, ताणलेल्याला 'आता जायचंय' ही जाणीवच नीट होत नाही, आणि कडेने पातळ झिरपतं. पोराला कळतही नाही. कधीकधी आईबाप याला जुलाब समजून जुलाब बंद करायचं औषध देतात आणि गाठ आणखी घट्ट होते.

तरी बालरोगतज्ज्ञाला दाखवायचंच. वही, वजनाचे दोन्ही आकडे आणि ती बाटलीची गोष्ट घेऊन जा. पोट हाताने तपासून, उंची-वजन तक्त्यावर मांडून, माझ्यापेक्षा तेच नक्की सांगतील. मस्कतहून मेलवर मी पोट दाबू शकत नाही. बहुधा मळ मऊ करणारं औषध लिहून देतील, पाण्यात विरघळवायची पावडर. ती चार दिवसांत बंद करायची नसते, महिनोन्महिने चालते. ताणलेलं आतडं पूर्वपदावर यायला तेवढा वेळ लागतो. निम्मी घरं इथेच चुकतात. शी झाली, औषध संपलं, आणि दिवाळीला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नाश्ता आणि रात्रीचं जेवण झालं की दहा मिनिटं बसव. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. घरी कमोड असेल तर पायाखाली पाट ठेव, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी. दूध किती पितो? आजी मायेने तीन मोठे पेले पाजत असतील तर अर्ध्या लिटरपर्यंत आण, म्हणजे भाकरी-भाजीला पोटात जागा राहील. रोज एक पेरू, सालीसकट.

सासूबाईंना दुखावू नकोस. हलक्या हाताने तेल चोळल्याने पोराला बरं वाटतं, त्यात मायेचा हात असतो. फक्त बिब्बा लावायचा नाही आणि डाग द्यायचा नाही, कुणीही कितीही सांगू दे. बिब्ब्याने भाजलेली पोटं मी खानापूरला पाहिली आहेत.


प्रेषक: जांबोटीचे काका

डॉक्टरताई, माझी दोन नातवंडं जांबोटीच्या पुढे आमच्या थोरल्या भावाकडे असतात. पावसात लाइट नसते, फोन लागत नाही. रात्रीचं निघायचं म्हणजे नेमकं काय दिसलं की? भाऊ विचारतोय, मी काय सांगू?


प्रेषक: डॉक्टरकाकू

काका, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आत चिकटवायला सांगा. दुखणं न थांबता चार-सहा तास वाढतंय. उजव्या बाजूला खाली सरकलंय, पोर वाकून चालतंय, 'उडी मार' म्हटलं तर मारत नाही. वांती हिरवी होतेय. पोट फळीसारखं कडक झालंय किंवा फुगलंय आणि वारा सरत नाही. शी मध्ये रक्त, किंवा ती डांबरासारखी काळी. पोर मलूल पडलंय, आठ तासांत लघवी नाही. तान्हं बाळ मध्येच किंचाळून पाय पोटाशी ओढतंय, मग गप्प, मग पुन्हा. पोर सारखं पाणी मागतंय, सारखं लघवीला जातंय, वाळलंय आणि आता पोट दुखून धापा टाकतंय, तर तो मधुमेह असू शकतो, लहान मुलांनाही होतो. यातलं काहीही एक.

मुलगा असेल तर त्याची चड्डी काढून बघाच. वृषणाला पीळ पडला की पोरगं लाजेने 'पोट दुखतंय' एवढंच सांगतं, आणि तिथे सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर ते वाचण्याची आशा चांगली असते.

बेळगाव शहरातल्या माणसाने दोन तास वाट पाहिली तर चालून जातं. कणकुंबी-जांबोटीकडच्यांनी पावसाळ्यात शंका संध्याकाळी आली तर संध्याकाळीच निघावं, उजाडायची वाट पाहू नये. १०८ ला फोन लागला तर उत्तम, नाहीतर गावात ज्याची गाडी असेल त्याला उठवायचं, संकोच करायचा नाही. निघताना पोटात काही घालू नका, जुलाब तर नाहीच. आणि भावाला कन्नड येतं ना? मग तिथे गेल्या गेल्या 'होट्टे नोवु' (पोट दुखतंय) एवढंच म्हणून थांबू नका म्हणावं. कधी सुरू झालं, कुठून कुठे सरकलं आणि शेवटची लघवी कधी झाली, ही तीन वाक्यं आधी सांगायची.


प्रेषक: सोनूची आई

मंडळींनो, उशिरा लिहितेय. डॉक्टरांनी पोट तपासताना सोनूचाच हात घेऊन डाव्या बाजूला खाली ठेवला आणि त्याला ते कडक खडे चाचपायला लावले. "हे तुझं दुखणं, तू खोटं बोलत नव्हतास," म्हणाले. पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. ह्यांना रात्री व्हिडिओ कॉलवर त्याने स्वतः ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग 'सॉरी बेटा' म्हणाले.

सोनोग्राफीच्या गाठींकडे डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि रिपोर्ट परत दिला. पावडर सुरू होऊन पाच आठवडे झाले, निदान तीन-चार महिने घ्यायचीय. वजन २४ झालंय. शाळेत मी दोनदा गेले. पहिल्या वेळी 'बघू' म्हणाले. दुसऱ्या वेळी मी आणखी तीन आयांना घेऊन गेले, त्यांच्याही पोरांच्या बाटल्या भरलेल्याच परत येत होत्या. शनिवारी कडी बसली. मुलींच्या बाजूला अजून नाही, सोमवारी पुन्हा जातोय.

या आठवड्यात एकदाच दुखलं, गुरुवारी. वीस मिनिटं. आजीने पोटावरून हात फिरवला, मग तो रिक्षात बसून शाळेला गेला.