ऑटोमन, १४५०च्या आसपास : शॉक ४ वाला जनरल ठेवू की सीज ३ वाला?

निद्रानाश (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ हा युद्धाचा आणि राज्य वाढवण्याचा कॉम्प्युटर गेम खेळतोय, ऑटोमन (तुर्की साम्राज्य) घेऊन. पाचवा भाग आलाय हे माहीत आहे, पण माझ्या लॅपटॉपला ते झेपणार नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

तर गोष्ट अशी. अल्बानियावर निघालोय. माझ्याकडे दोन जनरल आहेत (फायर म्हणजे गोळीबार, शॉक म्हणजे हातघाई, मॅन्युव्हर म्हणजे हालचाल, सीज म्हणजे वेढा; पुढचा आकडा त्यातलं कौशल्य):

पहिला : फायर १, शॉक ४, मॅन्युव्हर २, सीज ०
दुसरा : फायर २, शॉक २, मॅन्युव्हर १, सीज ३

लीडरची मर्यादा ओलांडली गेलीय, त्यामुळे दर महिन्याला एक मिलिटरी पॉइंट कापला जातोय. एकाला नारळ द्यावा म्हणतो. मन पहिल्याकडे जातंय, कारण समोर अल्बानियाचा सेनानायक स्कंदरबेग आहे आणि त्याचे आकडे बघून माझं सैन्य आधीच घाबरलंय. शिवाय पुढे ऑफेन्सिव्ह आयडिया (लष्करी फायद्यांचा एक गट) घेणारच आहे, त्यात सीज +२०% आहेच. मग सीजवाला जनरल कशाला पोसायचा?

बुरुज

पहिला ठेव. सुरुवातीच्या काळात शॉक म्हणजे शॉक. विषय संपला.

लेखापाल_मावशी

विषय संपलेला नाही, बुरुजभाऊ, आत्ता कुठे सुरू होतोय.

निद्रानाश, आधी तुझा एक गोंधळ सोडवते. सीज अ‍ॅबिलिटी (तुझे ते +२०%) आणि जनरलचा सीज पिप (त्याच्या कौशल्याचा एकेक गुण) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफेन्सिव्हमधल्या +२०% मुळे वेढ्याचा एकेक टप्पा लवकर संपतो, म्हणजे मूळ तीस दिवसांचे दिवस कमी होतात. फाशात काडीचाही फरक पडत नाही. पिप थेट फाशात मिळवला जातो. एकाने फासा जास्त वेळा पडतो, दुसऱ्याने चांगला पडतो. त्या आयडिया गटात शॉकला +१ आहे, फायरलाही +१ आहे, सीजच्या पिपला काहीच नाही. म्हणजे ऑफेन्सिव्ह घेणार असशील तर शॉकची भर तुला पुढे आपोआप मिळणार आहे आणि सीजचे पिप जनरलकडूनच आणावे लागणार आहेत. तुझं गणित बरोबर उलटं बसतंय.

आता आकडे. माझा धंदाच दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याचा, त्यामुळे खेळतानाही मी आधी बघते ते खर्च कुठे होतोय ते. वेढ्याचा फासा १ ते १४. त्यात जनरलचे पिप, तोफा, वेढ्याची आतापर्यंतची प्रगती हे सगळं मिळवायचं, किल्ल्याची लेव्हल वजा करायची, आणि बेरीज २० झाली की किल्ला पडला. चौदा बाजूंचा फासा, म्हणून एक पिप म्हणजे त्या टप्प्याला किल्ला पडण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी जास्त. स्क्रीनवर तो आकडा सातासातानेच चढतो, बघितलं असशील.

समजा, एखाद्या टप्प्याला तुझा आकडा १४% आहे. तो तसाच राहिला तर सरासरीने सात टप्पे लागतील, म्हणजे सात महिने. तिथेच सीज ३ वाला असता तर ३५%, म्हणजे तीन टप्पे. चार महिने वाचले. प्रत्यक्षात वेढा पुढे सरकतो तसा आकडाही वाढत जातो, त्यामुळे फरक इतका काटेकोर राहत नाही, पण अंदाज यायला पुरे. या चार महिन्यांत तुझं सैन्य अट्रिशनने झिजतं, पगार जातो, आणि फासा १ पडला की रोगराई येऊन आणखी माणसं मरतात. टप्पे जितके जास्त, तितकी ती १ पडायची संधी जास्त.

आणि १४५० म्हणतोस म्हणजे तुझ्याकडे तोफाच नाहीत! तोफा मिलिटरी टेक (लष्करी तंत्रज्ञान) ७ ला येतात. पुढे त्यांचा बोनस +५ पर्यंत जातो आणि तेव्हा जनरलचे तीन पिप त्या मानाने किरकोळ वाटतात. आज मात्र तुझ्याकडे त्या तिघांशिवाय दुसरं काही नाही.

अरे हो, दुसरं एक आहे. आरमार! किनाऱ्यावरच्या किल्ल्याला समुद्राकडून नाकेबंदी नसेल तर फाशात उणे दोन होतात. अल्बानियाला किनारा आहे, तुझी जहाजं बंदरात गंजत पडली असतील, ती पाठव. दोन पिप फुकट. लोक जनरल रोल करायला (नशिबावर नवा जनरल मिळवायला) पन्नास पन्नास पॉइंट उडवतात आणि हे विसरतात, ते बघून माझा जीव तुटतो.

शनिवारची_लॉबी

मावशी, सिंगल प्लेअरपुरतं सगळं मान्य. माणसांविरुद्ध खेळताना मात्र सीज ३ घेऊन बसलात तर वेढा पुरा व्हायच्या आत समोरचा येऊन तुमचं सैन्य कापून काढतो. युद्ध ठरतं ते मैदानातच. लढाईत फासा ० ते ९, त्यात दोन्ही जनरलच्या पिपमधला फरक मिळवायचा. आधी तीन दिवस फायर, मग तीन दिवस शॉक, असं आलटून पालटून चालतं. पंधराव्या शतकात घोडदळाचं फायर जवळजवळ शून्य, पायदळाचंही यथातथाच, म्हणून खरी मारामारी शॉकच्या दिवसांत होते. तिथे समोरच्यापेक्षा दोन पिप जास्त असणं म्हणजे काय, हे ज्याने सोसलंय त्यालाच कळतं. फायर महत्त्वाचं होतं ते तोफा दमदार झाल्यावर, टेक १६ च्या पुढे.

बाकी मॅन्युव्हरला कुणी विचारत नाही हे मला पटत नाही. हल्ला करणाऱ्याचं मॅन्युव्हर जास्त असेल तर नदी ओलांडण्याचा उणे एक लागत नाही. बाल्कनमध्ये नद्या आहेत, धागाकर्त्या.

निद्रानाश

नाकेबंदीचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद मावशी. पण स्कंदरबेगचं काय? दुसऱ्या जनरलला घेऊन त्याच्यासमोर गेलो तर तो मला डोंगरात गाडेल. तिथे हल्ला करणाऱ्याला आधीच उणे दोन.

लेखापाल_मावशी

मग डोंगरात त्याच्यावर हल्ला करू नकोस! तू ऑटोमन आहेस रे. तुझ्याकडे माणसं आहेत, त्याच्याकडे नाहीत. एका फौजेने वेढा घालायचा, तिचा जनरल सीजवाला. दुसरी फौज शेजारच्या प्रांतात, तिचा शॉकवाला. म्हणून माझं उत्तर दोघंही ठेव असंच आहे. महिन्याला एक पॉइंट, वर्षाला बारा. नवा जनरल पन्नासला पडतो आणि त्यात काय निघेल याची खात्री नाही. एकाला काढून दोन वर्षांनी परत रोल करणार असशील तर तुझं नुकसानच आहे. अगदी एकच ठेवायचा हट्ट असेल तर सीज ३.

शनिवारची_लॉबी, माणसांविरुद्ध तुझं खरं असेलही. मी माणसांशी खेळत नाही, ऑफिसात रोज तेच करते.

आणि स्कंदरबेग खराखुरा कसा लढला तेही बघण्यासारखं आहे. १४४३ मध्ये तो ऑटोमनांना सोडून आला आणि क्रुयाचा किल्ला घेतला, पुढच्या वर्षी लेझ्याला सगळे अल्बानियन सरदार एकत्र आले. १४५० मध्ये दुसरा मुराद स्वतः क्रुयाला वेढा घालून बसला, तेव्हा स्कंदरबेग किल्ल्यात नव्हताच. आत किल्लेदार व्राना कोंटी आणि शिबंदी, हा बाहेर डोंगरात. वेढा घालणाऱ्यांवर छापे, रसदेवर छापे. मुरादला हात हलवत परत जावं लागलं. पुढे १४६६ आणि १४६७ लाही किल्ला पडला नाही. पडला तो १४७८ मध्ये, स्कंदरबेग वारल्यावर दहा वर्षांनी. त्याला मैदानात धूळ चारणारा सेनापती शोधण्यात अर्थ नव्हता. तुलाही नाही.

बुरुज

हे तर थेट जिंजीच झालं. आत राजाराम महाराज, बाहेर संताजी आणि धनाजी. झुल्फिकारखान १६९० ला जाऊन बसला तो किल्ला हातात यायला १६९८ उजाडलं, आणि तोवर महाराज निसटलेले. मधे तर त्यालाच वेढा उठवून वांदिवाशला पळावं लागलं होतं. त्याचे सीज पिप किती धरायचे मावशी? शून्य की उणे?

लेखापाल_मावशी

त्याचा फासा मुद्दाम वाईट पडत होता असं त्या काळीही लोक म्हणत होते. आतून संधान असल्याचा संशय होता त्याच्यावर. गेममध्ये तेवढी सोय नाही.

शनिवारची_लॉबी

दोन्ही ठेवणार असशील तर एक युक्ती सांगतो. लढाई चालू नसेल तर जनरल एका फौजेतून दुसऱ्या फौजेत क्षणात जातो, अंतराचा प्रश्न नाही. आणि सीजचे पिप मोजले जातात ते फक्त टप्पा पुरा होतो त्या दिवशी. म्हणजे तीन किल्ल्यांना तीन फौजांनी वेढा घातला असेल आणि त्यांचे दिवस वेगवेगळे असतील, तर तो एकच सीज ३ वाला आदल्या दिवशी उचलून तिकडे टाकायचा. एका जनरलमध्ये तीन वेढे.

बुरुज

याला आमच्याकडे लबाडी म्हणतात.

शनिवारची_लॉबी

गेम देतोय, मी घेतोय. सांगली ते मिरज बदली व्हायला लोकांना वर्षं लागतात, इथे एका क्लिकवर होते. बोला.

लेखापाल_मावशी

लबाडी आहे की नाही ते जाऊ दे, कंटाळवाणी आहे हे नक्की. दर पाच दिवसांनी गेम थांबवायचा, तारखा बघायच्या. मी फक्त मोठ्या किल्ल्यापुरतं करते. कॉन्स्टँटिनोपलला वगैरे.

निद्रानाश, एक राहिलं. नवा जनरल रोल करायचाच झाला तर युद्धाच्या शेवटी कर, शांततेत नको. आर्मी ट्रॅडिशन (सैन्याचा लढाईचा अनुभव) जितकं जास्त तितके पिप जास्त निघण्याची शक्यता, आणि ते दरवर्षी ५ टक्क्यांनी उतरतं. लढाया आणि वेढे जिंकून ते चढतं. लोक दहा वर्षं स्वस्थ बसतात आणि नव्या युद्धाच्या आदल्या दिवशी पन्नास पॉइंट टाकतात. मग १-१-०-० निघाला की इथे येऊन धागा काढतात.

निद्रानाश

दोघंही ठेवले. जहाजं पाठवली. दुसरी फौज शेजारी उभी केलीय आणि स्कंदरबेग अजून डोंगरातून खाली उतरलेला नाही. आकडा २८ दाखवतोय, टप्प्याला नऊ दिवस बाकी. सकाळी सातची बस आहे, पण हा एक फासा बघूनच झोपतो.